कॅप्टनचं नाक

त्या गुरुवारी बाबा आखातातल्या मुसफ्फा या औद्योगिक वस्तीतल्या वर्कशॉपमध्ये पितळी अर्धपुतळा घासत होते. अमेरिकेत मूळ रहिवाशांचं जंगल तोडून गाव वसवणाऱ्या कुणा जुन्या कॅप्टनचं ते स्मारक होतं आणि ऑर्डर जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहणाऱ्या त्याच्या वंशजाची. कॅप्टनचं चित्र कुठेच नव्हतं, म्हणून बाबांनी आरशात बघून स्वतःचाच चेहरा घडवला होता.

"लोकांची जमीन घेतली की पुतळा होतो, ईशानी. मी आयुष्यभर इथे राबून अजून व्हिसाच रिन्यू करतोय," ते हसले. "कसा झालाय?"

"नाक मोठं आहे."

दुसऱ्याच दिवशी ते हार्ट अटॅकने गेले.

अनावरणाला वंशज गहिवरला. "हेच आमच्या घराण्याचं नाक!" टाळ्या पडल्या.

"ते माझे बाबा आहेत," मी मोठ्याने म्हणाले. "आणि फार सुंदर झालेत."