दारं कशानं पुसता?

“आधी विचारायचं, मग घासायचं. घरातल्या बाईला विचार, दारं कशानं पुसता? तिनं सांगितल्याशिवाय पॉलिशपेपर पिशवीतून बाहेर काढायचा नाही.”

वडिलांचं, अप्पांचं, हे सांगणं अक्काच्या अंगात इतकं मुरलं होतं, की परक्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की प्रश्न आपसूक तोंडातून बाहेर पडे. कुणी म्हणे ओल्या फडक्यानं, कुणी रॉकेलच्या बोळ्यानं, एकीनं तर लाजत लाजत खायच्या तेलाचं नाव घेतलं होतं. उत्तर ऐकून अक्का सोड्याचं पाणी करायची, नाहीतर थिनरची बाटली उघडायची. अप्पांमागे रंगकाम तिनंच चालवलं. जुनी चकचकीत कपाटं नव्यानं रंगवावीत तर तिनंच. तिच्या कामात बोट ठेवायला जागा नसे.

पण या खेपेला ती उभी होती ते घर परकं नव्हतं. निदान तिच्या लेखी नव्हतं. धाकट्या भावाचं घर, आईचं स्वयंपाकघर, आणि भिंतीवर अप्पांनी स्वतः रंगवलेली पिस्ता रंगाची कपाटं. इथे विचारायचं कुणाला, तर भावजयीला. आणि भावजयीशी बोलण्यापेक्षा अक्कानं कपाटाशी बोलणं पत्करलं असतं.

दोघींमधून विस्तव जात नव्हता. आई होती तोवर तिच्या अंथरुणापाशी दोन शब्द तरी व्हायचे. आई गेली आणि तेही संपलं. आता सगळा कारभार भावामार्फत. दोघी एकाच खोलीत असल्या तरी तो मध्ये उभा राहून इकडचं तिकडे पोचवायचा, आणि पोचवताना त्यातलं तिखट काढून टाकायचा, त्यामुळे दोघींनाही तो खोटारडा वाटायचा.

भांडण कपाटांवरूनच पेटलं होतं. भावजयीला ती काढून टाकायची होती. ओलं फडकं फिरवलं की काम संपलं, अशी नवी पांढरी कपाटं तिला हवी होती, आणि तिनं सुताराला बोलावून मापंही घेऊन टाकली होती. हे अक्काच्या कानावर आलं तशी ती तडक येऊन उभी राहिली. आईनं शेवटच्या आजारातसुद्धा ही चमक राखली, दारात तोंड दिसायचं तोंड, आणि आज तिला वर्ष होत नाही तोच तिची निशाणी भंगारात, असं ती भावाकडे बघून आणि भावजयीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती. भावजय त्यावर नुसती हसली होती. ते हसू अक्काला शिवीपेक्षा झोंबलं.

शेवटी भावानं घाबरत घाबरत तोडगा काढला. पिस्ता रंगाचे पोपडे निघायला लागले होते हे काही खोटं नव्हतं. तेव्हा अक्कानं कपाटं रंगवून दाखवावीत. रंग धरला तर कपाटं राहतील, नाही धरला तर सुतार येईल. भावजय हो म्हणाली. इतकी पटकन हो म्हणाली, की अक्काला तेव्हाच खटकायला हवं होतं.

अक्कानं कामात कसूर केली नाही. दारं उतरवली, प्रत्येक दाराच्या मागे खडूनं खूण केली, मुठी आणि बिजागऱ्या डब्यात टाकल्या. सोड्याच्या पाण्यानं दारं धुतली, सुकवली, मग पॉलिशपेपर घेऊन बसली. चकाकी जाऊन दार दुधाळ दिसेपर्यंत घासलं. पालथा हात फिरवून पाहिला, कुठे गुळगुळीत लागलं की पुन्हा घासलं. सगळं अप्पांनी शिकवल्याबरहुकूम, फक्त पहिली पायरी सोडून. माझ्या आईची कपाटं, मला काय कुणी सांगायचं, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

भावजय ओट्यापाशी पाठ करून उभी असायची. मधूनच हवेला म्हणायची, या घरात धूळ खायची सवय झालीच आहे म्हणा. अक्काही मग भांड्यांना ऐकवायची, काहींना धूळ दिसते, माणसं दिसत नाहीत.

रंगाखालच्या अस्तराचा हात दिला तेव्हाच बारीक बारीक खड्डे पडले. अक्कानं हवेला दोष दिला, दाराला ओल असेल म्हणाली, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरून ती जागा परत घासली. मग रंगाचा पहिला हात दिला. ब्रश मागे सरकला आणि रंग तिच्या डोळ्यांदेखत फाकायला लागला. जागोजाग तो मागे हटून गोल गोल डोळे पडले, जणू दारानं रंगाला ढकलून दिलं. एक दार नाही, सगळी. सुकल्यावर भावजयीनं ओल्या हातानंच अंगठ्याचं नख एका कडेला लावलं. साय निघावी तशी रंगाची लांब पट्टी अस्तरासकट निघून आली. ती पट्टी तिनं भावाच्या हातात दिली.

“सुताराला फोन करा,” ती म्हणाली.

अक्काच्या डोक्यात तिडीक गेली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती थेट भावजयीकडे वळली.

“काय लावलंस तू दारांना? माझ्यामागे काय फासलंस?”

भाऊ मध्ये आला, म्हणाला, अक्का, असं कसं बोलतेस. त्याला दोघींनी एकदमच गप्प केलं.

“तुमच्यामागे नाही, वन्सं,” भावजय हात पुसत म्हणाली. “तुमच्यासमोर. मी या घरात आले तेव्हापासून. रोज संध्याकाळी. फवाऱ्याचं पॉलिश यायचं, ते. दारात तोंड दिसलं पाहिजे, असं आईंचं फर्मान होतं. अंथरुणावरून मान वळवून बघायच्या आणि परत पुसायला लावायच्या. तुम्ही यायच्या, चहा घ्यायच्या, म्हणायच्या, बघा आईच्या हाताची चमक. आईंचा हात तर उशीवरून उचलत नव्हता.”

अक्कानं भावाकडे पाहिलं. भावानं जमिनीकडे पाहिलं, तेवढंच पुरे झालं.

फवाऱ्याचं पॉलिश. तिला आणखी काही ऐकायची गरज नव्हती. त्यातलं सिलिकॉन रंगाला धरू देत नाही, आणि ते सोड्यानं निघत नाही. घासलं की वरच्या थरातून आत जातं, आणि तिनं तर किती जीव लावून घासलं होतं. आधी कळतं तर थिनरच्या फडक्यांनी दारं पुसून काढायची, फडकं दर वेळी नवं घ्यायचं, आणि मगच कागद लावायचा. पोरसवदा रंगाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

“मग सांगायचं होतंस,” ती म्हणाली. आवाज तिच्याच कानाला बारीक लागला.

“विचारलं असतं तर सांगितलं असतं. गावभर बायकांना विचारता म्हणे तुम्ही. मी रोज या ओट्यापाशी उभी होते, वन्सं. कधी विचारताय याची वाट बघत होते. मग म्हटलं, नाही ना विचारायचं? मग घासा.”

भाऊ चाचरत म्हणाला की अक्का पुन्हा एकदा थिनरनं करून बघेल, तिला अजून थोडा वेळ दिला तर काय बिघडलं. अक्काला ते करता आलं असतं. सगळं खरवडून, धुऊन, नव्यानं. पण ठरलं होतं ते ठरलं होतं, आणि भावजयीपाशी मुदत मागायला तिची जीभ वळेना. चुकलं म्हणायलाही वळेना. भावजयीनं त्या शब्दाची वाट पाहिली आणि मग टाळकं फिरल्यासारखी ती भांडी आपटायला लागली.

सुतार उद्या येईल, तो पहारीनं सगळं एका तासात उचकटून नेईल, असं तिनं भांड्यांच्या आदळआपटीतच सांगितलं.

“पहार लागायची नाही,” अक्का म्हणाली. “कपाटं मी उतरवते. माझ्या घरी नेते.”

“भिंतीचं प्लास्टर पडलं तर? माझी भिंत आहे ती.”

“टवकासुद्धा उडणार नाही. शब्द देते.”

“बघू,” भावजय म्हणाली, हात कोरडे केले, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. भाऊ क्षणभर दोन्हीकडे बघत राहिला आणि मग तिच्यामागे गेला. आतून त्याची समजूत घालणारी कुजबुज आणि तिचं एकच “नाही” ऐकू आलं.

अक्कानं शेगडी झाकली. ओट्यावर जुनी चादर पसरली, तिची टोकं नीट दाबली, म्हणजे भुकटी भावजयीच्या डब्यांवर पडायला नको. कपाट आणि भिंत यांच्या फटीत रंगाचा जाड थर साचला होता. त्यावरून तिनं पातळ सुरी हळूहळू ओढली, प्लास्टर सोबत ओढलं जाऊ नये म्हणून. मग स्टूल भिंतीला टेकवलं, एक खांदा कपाटाच्या तळाशी लावून त्याचं वजन अंगावर घेतलं, आणि पहिला स्क्रू फिरवायला घेतला.