भाड्यातलं गरम पाणी

मी एक जुना गीझर आहे. पोट मोठं, रंग कधीकाळी पांढरा, तळाशी गंजाची तांबूस कड. शहरातल्या एका दुमजली घरात, वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये भिंतीला टांगलेला आहे. मित्रांनो, म्हाताऱ्यांच्या गोष्टी शांतपणे सुरू होतात म्हणे. माझी होणार नाही. मी वैतागलेलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, शिवण जोडली, मग पाणी भरून दाबाखाली ठेवलं. शेजारचा गळला. मी थेंबसुद्धा सोडला नाही. पुढे दुकानात बरेच दिवस धूळ खात पडलो होतो, तिथून मला या घराच्या मालकांनी आणलं.

मालक स्वतः नळ जोडणारे फिटर. लहानपणी ते भाड्याच्या खोलीत राहायचे. तिथला घरमालक सकाळी दारात खुर्ची टाकून बादल्या मोजायचा आणि दुसरी बादली दिसली की घसा खाकरायचा. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं, की आपलं घर झालं तर तिथल्या भाडेकरूला आंघोळीसाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागता कामा नये. म्हणून इथे भाडं एकच, लाइट आणि पाणी त्यातच. स्वतःसाठी त्यांनी वेगळा गीझर घेतलाच नाही. माझ्यापासूनच एक पाइप खालच्या मजल्यावर नेला. "हा एकटा दोन्ही घरं सांभाळेल," असं मालकीणबाईंना सांगून त्यांनी माझ्या पोटावर थाप मारली. तेवढं कौतुक मला पुष्कळ वर्षं पुरलं.

भाडेकरूही चांगले मिळाले. एक नर्सबाई तर माझं बटण बंद केल्याशिवाय टॉवेलला हात लावायच्या नाहीत. त्या गेल्या आणि हा आला. याचं नाव मला ठाऊक आहे, पण घ्यायची इच्छा नाही. मी त्याला शर्टवाला म्हणतो.

शर्टवाल्याला ऑफिसात कडक कपडे लागतात आणि इस्त्रीचा कंटाळा. मग साहेबांनी युक्ती काढली. सकाळी बाथरूमच्या खुंटीला शर्ट अडकवायचा, खिडकी लावायची आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून द्यायचा. खाली बादलीसुद्धा नाही. वाफेने म्हणे सुरकुत्या जातात. पाणी मोरीत धो धो वाहतंय आणि हा बाहेर चहा पीत मोबाइल बघतोय. बरं, एवढं करून शर्ट दिसतो कसा? गाईच्या तोंडातून ओढून काढल्यासारखा.

त्याची आई त्याच्याजवळच राहते. ती बिचारी रोज सांगायची, "अरे, पाणी वाया चाललंय."

"चालू दे गं आई, भाड्यात आहे."

भाड्यात आहे! हे दोन शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. रविवारी कामावर जायचं नसेल तरी हा माझं बटण सुरू ठेवणार, का, तर भाड्यात आहे. फुकट ते पौष्टिक! माझ्या पोटात क्षार साचले, कॉइल कुरकुरायला लागली, पण ते बघतो कोण?

माझं एक वेळ सोडा. खाली मालकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजव्या हाताची मूठ आखडली होती. रोज सकाळी हात गरम पाण्यात ठेवून मग बोटं हलवायची, तरच हात सुटेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि नेमकी तीच वेळ शर्टाची! खालचा नळ उघडावा तर गार पाणी.

पाइपातून मला खालचं सगळं ऐकू येतं. मालकीणबाई गॅसवर पातेलं चढवायच्या आणि फडक्यात धरून खोलीत न्यायच्या. नवऱ्याला सांगायच्या, "गीझरचंच आहे हो, छान तापलंय." 'दोन्ही घरं सांभाळेल' हा त्यांचा शब्द खोटा पडतोय हे मालकांना कळू नये म्हणून ही धडपड. वर येऊन एकदा ठणकावून सांगायचं, तर तेही नाही. मी आपला गुरगुरायचो. त्यावर शर्टवाला म्हणायचा, "या गीझरला काहीतरी झालंय." मला झालंय म्हणे!

मग एका सकाळी मालकीणबाई उंबऱ्याला अडखळल्या. पातेलं आपटलं, उकळतं पाणी त्यांच्या पावलावर सांडलं. आवाज ऐकून वरची आई धावत खाली गेली. तिने त्यांना पाय नळाखाली धरायला लावला आणि मग विचारलं, "गीझरचं पाणी असताना गॅसवर का तापवता?"

"खाली येत नाही हो सकाळी. तुम्हाला वर पुरायला हवं ना."

आई वर आली. आधी तिने नळ बंद केला.

"अगं, एक शर्ट राहिलाय अजून."

"ही बादली भर आणि खाली चल."

"मला उशीर होतोय."

"चल म्हणते ना."

अर्धवट सुरकुतलेल्या शर्टात बादली घेऊन तो खाली गेला. त्यानेच पाणी टबात ओतलं, त्यानेच मालकांचा हात उचलून त्यात ठेवला. मग मालकांचा जड जिभेचा आवाज आला.

"वर गरम पाणी पुरतं ना रे? कमी पडलं तर सांग. संकोच करू नकोस."

शर्टवाला म्हणाला, "पुरतं, काका." आणि दुसरी बादली भरायला वर आला.

आता तो इस्त्री करतो. परवा एका शर्टाची कॉलर जाळली. खरं सांगू, मला मुळीच वाईट वाटलं नाही. माझं बटण मात्र अजून विसरतो आणि आईची बोलणी खातो. सुधारेल हळूहळू.

मित्रांनो, मला वापरा, भरपूर वापरा, त्याचसाठी मला टांगलंय. पण 'भाड्यात आहे' म्हणण्याआधी पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, तेवढं पाहून या. आणि जमलं तर माझी कॉइलही साफ करून घ्या.

हल्ली सकाळी खालचा नळ उघडतो आणि माझं पाणी खाली जाऊ लागतं. मालक रोज तेच म्हणतात, "बघ, म्हटलं नव्हतं? एकटा दोन्ही घरं सांभाळतो."

मालकीणबाई "हो" म्हणतात. आता त्यांना खोटं बोलावं लागत नाही.