ताईने निवडलेलं कार्ड

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे काम करून झिजलेलं नव्हे, बसून बसून जुनं झालेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चित्रं रंगवायची, हे माझ्यासारख्यांचं काम. तुम्ही खेळात धावता, उड्या मारता, तेव्हा तो डोंगर, ते पाणी, त्या सावल्या आम्हीच भराभर काढत असतो. म्हणजे काढायच्या असतात. एका घरात मी अडीच वर्षं राहिलो आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिथे साधी रेघसुद्धा ओढली नाही. तरी त्या घरात सगळ्यांत जास्त बोलणी मीच खाल्ली. ऐकायचं असेल तर ऐका. गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. हिरव्या पाटीवर बारीक बारीक तुकडे बसवले, वर दोन पंखे लावले, आणि मला टेबलावर ठेवून तापेपर्यंत पळवलं. मी पहिल्याच फेरीत पास झालो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझा निकाल भलत्यानेच लावला. माझ्या पाठीशी पडद्याची वायर लावायच्या खाचा आहेत. त्यांत धूळ जाऊ नये म्हणून तिथल्या एका बाईने त्यांवर काळी बुचं घट्ट बसवली आणि मला खोक्यात घातलं. ती बुचं तेवढी लक्षात ठेवा.

दुकानात मला मधली फळी मिळाली. वरच्या फळीवर तीन-तीन पंख्यांची थोरली कार्डं, खालच्या फळीवर रंगीत दिवे लुकलुकवणारी स्वस्तातली. मधल्या पोराचं घरात जे होतं तेच माझं झालं. थोरल्याचा मान नाही, धाकट्याचे लाड नाहीत. गिऱ्हाईक वरच्याकडे बघून उसासा टाकायचं, खालचं उचलायचं आणि चालू पडायचं. मधल्याला विचारतो कोण!

एक दिवस ताई आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता. घरात त्याला टिल्लू म्हणायचे, पण तो केव्हाच ताईच्या डोक्यावरून गेला होता आणि कॉलेजात जात होता. तो थेट वरच्या फळीला जाऊन भिडला.

"ताई, हे बघ, तीन पंखे!"

"तीन पंखे ठेवशील कुठे? डोक्यावर? आईच्या शिवणाच्या टेपने मोजून आलेय मी. हे आपल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये आडवंसुद्धा मावणार नाही."

"मग ते खालचं. त्याला दिवे आहेत."

"दिवे घरी आहेत की रे."

दुकानदार म्हणाला, "घ्या हो ताई, डोळे झाकून घ्या कुठलंही."

"डोळे उघडे ठेवूनच घेते, काका," ती म्हणाली. मग तिने मला हातात घेतलं आणि असे प्रश्न विचारले की दुकानदाराने स्टूल ओढलं. वीज किती ओढतं? आमचा पॉवर सप्लाय एवढा आहे, त्याला झेपेल ना? मेमरी किती? म्हणजे दोन वर्षांनी येणारे खेळही चालायला हवेत. आमचा पडदा साधाच आहे, त्याला हे पुरून उरेल की उगाच पांढरा हत्ती होईल? ताक फुंकून पिणारी मुलगी! कित्येक आठवडे तिने याचा अभ्यास केला होता, हे तिच्या बोलण्यावरूनच कळत होतं. शेवटी ती म्हणाली, "हेच. आपल्याला लागतं तेवढं सगळं यात आहे आणि नको ते काही नाही." माझ्याबद्दल कुणी इतकं बरं बोललं नव्हतं. मी खूश झालो. वेडाच होतो.

इतका खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. ताईला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, चष्म्याच्या कारखान्यात भिंगं तपासायची. लहानपणापासून ती आणि टिल्लू संध्याकाळी एकच खेळ खेळत आले होते. डोंगर चढणारे दोन गडी, एका दोरीने बांधलेले. एकाने पाय टाकायचा, दुसऱ्याने दोरी ताणून धरायची. एक चुकला की दुसरा खाली. एकाच कीबोर्डवर, एकमेकांना कोपरं मारत त्यांचा हा डाव चालायचा. त्या खेळाचा नवा भाग आला होता आणि तो दोन घरांतून, दोन कॉम्प्युटरवरून खेळता येत होता. फक्त जुन्या कॉम्प्युटरला तो झेपत नव्हता. म्हणून मी. "मी तिकडून, तू इकडून, रोज संध्याकाळी एक डाव," ताईने त्याला शब्द दिला होता. लांब गेली तरी भाऊ हातचा सुटू नये, एवढंच त्या पोरीला हवं होतं.

जायच्या दिवशीच तिने मला बसवलं. सामान दारात, बाबा खाली टॅक्सीपाशी, आई डबा बांधतेय, आणि ही जमिनीवर मांडी घालून माझे स्क्रू पिळतेय. खालून हॉर्न वाजला. तिने झाकण लावलं, हात झटकले आणि म्हणाली, "टिल्ल्या, पडद्याची वायर तेवढी लाव. जुन्या खाचेत नाही हं, या कार्डाच्या खाचेत. आधी बुचं काढ."

"येतं गं मला. शिकवू नकोस."

ती गेली. टिल्लूने वायर घेतली, वाकून बघायचाही कंटाळा केला, टेबलामागे हात घातला आणि सवयीने वायर जुन्याच खाचेत खुपसली. ती खाच मदरबोर्डची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ पाटीची. तिथून चित्र येतं, नाही असं नाही, पण ते आपलं साधंसुधं. पत्र लिहा, बातम्या वाचा, तेवढ्यापुरतं. पडदा उजळला, टिल्लू म्हणाला "झालं!" आणि शेजारी बोटभर अंतरावर मी, पंखे सज्ज, तोंडाला बुचं, तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी पहिला डाव. ताई तिकडून हसत होती, तिचा आवाज स्पीकरवर येत होता. खेळ सुरू झाला आणि टिल्लूचा गडी अडखळायला लागला. चित्र गोठायचं, मग एकदम तीन पावलं पुढे उडायचं. ताईने पाय टाकला की याची दोरी वेळेवर ताणली जायची नाही. ताई खाली. पुन्हा ताई खाली. पहिल्या दिवशी दोघं हसले. आठवड्याने कुणी हसत नव्हतं.

"टिल्ल्या, वायर कार्डालाच लावलीयस ना?"

"मी काय लहान आहे का?"

"तसं नाही रे. मागचा एक फोटो पाठव ना."

"वायर बरोबर आहे! तू आणलेलं कार्डच भंगार आहे. मी म्हणत होतो थोरलं घे. तुला जास्त अक्कल!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं ना, तर अख्खी इमारत जागी केली असती. मी तिथेच होतो हो! फक्त उठायचं, टेबल जरा पुढे ओढायचं आणि मागे बघायचं. पण 'मला येतं' म्हणणाऱ्या माणसाला वाकणं फार जड जातं. ताई म्हणाली, "असेल रे. माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यानंतर रोजचा डाव एक दिवसाआड झाला, मग रविवारी, मग नाहीच. डाव गेला आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. टिल्लूला वाटे, हिने आपल्या गळ्यात काहीतरी मारलं. ताईला वाटे, आपण याच्या संध्याकाळी नासवल्या. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकून होतो. इथे तर अंगणाला कुणी पायच लावला नव्हता.

एकदा ताई घरी आली होती, दोनच दिवसांसाठी. मला नक्की वाटलं, आता सुटलो. आई स्वयंपाकघरात होती, ताई खोलीत एकटी. ती टेबलापाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि मागे वाकायला लागली. तिचे केस माझ्या पाठीच्या जाळीला लागले. अजून वीतभर वाकली असती तर बुचं दिसली असती. तेवढ्यात टिल्लू आत आला.

"हात लावू नकोस. आता कशाला? झालं ते झालं."

"नुसतं बघते रे."

"काही गरज नाही. बघून तू काय दिवे लावणार आहेस?"

ती उठली. गुडघ्यांची धूळ झटकली आणि बाहेर गेली. भिंगातली केसाएवढी चूक पकडणारी ती मुलगी, तिला तिच्याच घरात टेबलामागे बघू दिलं नाही. मला त्या दिवशी इतका संताप आला की काय सांगू. पण संतापून करणार काय? माझे पंखेसुद्धा फिरत नव्हते.

पुढचं आणखी वाईट. बाबांना कपडे धुवायचं मशीन घ्यायचं होतं. पूर्वी त्या घरात साधा मिक्सर घ्यायचा तरी ताईला विचारल्याशिवाय पान हलत नसे. आईने फोन लावला आणि टेबलावर स्पीकर चालू करून ठेवला. ताई म्हणाली, "मला नका विचारू बाबा. माझी निवड कशी असते ते बघताय ना? टिल्लूला विचारा." बाबा "अगं, तसं काय," म्हणाले आणि विषय बदलला. टिल्लू तिथेच बसून पाव खात होता. त्याने खाणं थांबवलंसुद्धा नाही.

मग टिल्लू कमवायला लागला आणि त्याने स्वतःच्या मनाचं केलं. मोठं कॅबिनेट, नवा पॉवर सप्लाय आणि ते तीन पंख्यांचं थोरलं कार्ड. खोकी खोलीत येऊन पडली. मला विकायला काढलं. घ्यायला एक फोटोवाला आला, पन्नाशीचा, शांत माणूस.

"आधी चालवून दाखवा," तो म्हणाला.

"चालतं, पण जेमतेम," टिल्लू म्हणाला. "आधीच सांगतो."

फोटोवाल्याने टेबल पुढे ओढलं. अडीच वर्षांत जे कुणी केलं नाही ते त्याने एका हाताने केलं. खाली वाकला आणि म्हणाला, "अहो, वायर तर मदरबोर्डला आहे. आणि याची बुचंसुद्धा काढलेली नाहीत!" त्याने एक बूच काढलं, वायर मला लावली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. "चला, एखादा खेळ लावा."

टिल्लूने तोच खेळ लावला. दुसरा त्याच्याकडे होता कुठे? त्या घरात माझे पंखे पहिल्यांदा फिरले. मी डोंगर काढला, बर्फ काढलं, ढगांच्या सावल्या काढल्या. इतका सुरेख डाव त्या पडद्याने कधी पाहिला नव्हता. कुठे अडखळणं नाही, गोठणं नाही. आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला ताईचा गडी उभा होता, राखाडी पडलेला, जिथे तिने खेळ सोडला होता तिथेच. टिल्लूने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. माझ्या मनात आलं, आता हा फोन उचलणार. आता म्हणणार, ताई, माझं चुकलं गं.

"झकास आहे की हो," फोटोवाला म्हणाला. "मग जेमतेम का म्हणालात?"

"नाही... म्हणजे... वापरलंच नाही फारसं," टिल्लू म्हणाला. त्याने ते बूच टेबलावरून उचललं आणि खिशात टाकलं. मग त्याने मला बाहेर काढून स्वतःच्या हाताने खोक्यात घातलं.

आम्ही दारापर्यंत आलो तोच आई बाहेर आली. "गेलं का एकदाचं? ताईला सांगू नकोस हं विकल्याचं. आधीच मनाला लावून घेतलंय तिने."

"नाही सांगत," टिल्लू म्हणाला. जिन्यात मला त्याचं दार लावणं ऐकू आलं.

आता मी फोटोवाल्याकडे आहे. तो मला महिन्यातून एकदा ब्रशने झाडतो, माझं काम त्याला आवडतं, तसं तो बोलूनही दाखवतो. माझं बरं चाललंय. माझ्यासाठी मी रडत नाही. यंत्राला काय, आज ना उद्या कुणीतरी वायर लावतंच.

तुम्ही आम्हाला नीट वापरा, धूळ पुसा, बिघडलं म्हणायच्या आधी एकदा मागे वाकून बघा, हे सगळं मी सांगेनच. पण माझी खरी विनवणी दुसरीच आहे, मित्रांनो. दूरच्या एका शहरात भिंगं तपासणारी एक ताई आहे. दुकानात गेली की ती आता मागेच उभी राहत असेल आणि म्हणत असेल, "तुम्हीच ठरवा, मला त्यातलं काही कळत नाही." टिल्लू तिला सांगणार नाही. मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणाला ती भेटली, तर तिला एवढं सांगा: कार्ड चांगलं होतं, ताई. तू अगदी बरोबर निवडलं होतंस.