फट

आमच्या पार्सल कंपनीचे सगळे सर्व्हर तळघरात होते आणि त्यांच्याबरोबर मीही. यंत्रांना गारवा लागतो म्हणून खोली थंडगार. माणसाला ऊन लागतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. नवरा आणि लेक दुसऱ्या शहरात, त्याच्या नोकरीपाशी, आणि मी तिथे सुट्टीपुरती पाहुणी. एकदा मी दारात चपला काढत होते, तर लेकीने विचारलं, "पाणी आणू का?" अगदी आल्यागेल्याला विचारतात तसं. त्या दिवशी ठरवलं, या तळघरातून बाहेर पडायचंच.

लांबून सर्व्हरवर काम करायचं एक टूल कंपनीकडे होतं, पण ते इतकं जड की इंटरनेट जरा मंदावलं की बसकण मारायचं. साहेब म्हणायचे, "घरून जमत असेल तर जा की, मी कुठे अडवलंय?" साहेबांचं हे असंच. दार उघडं ठेवायचं आणि उंबऱ्यावर स्वतः बसायचं.

मग मी स्वतःच एक टूल लिहिलं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती काळी खिडकी आणि अक्षरं. साध्या फोनवर, रडतखडत चालणाऱ्या नेटवरही ते पळायचं. नाव ठेवलं 'फट'. माझ्याही आधीपासून तळघरात मुरलेले अण्णा शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "जपून गं. फट म्हणता ब्रह्महत्या."

जपून म्हणजे किती जपून! आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी भीती फायरवॉलची. ती म्हणजे सर्व्हरच्या दारावरचा वॉचमन. लांब बसून त्याला चुकीचा हुकूम दिला, तर तो आपल्यालाच बाहेर ठेवतो. म्हणून हुकमात काही बदल केला, की लगेच फट विचारायची, 'आहेस का?' उत्तर नाही दिलं, तर थोड्या वेळाने बदल आपोआप रद्द. 'आहे' लिहिलं, की कायम. पण त्याआधी दुसरी खिडकी उघडून नव्याने आत जाता येतंय ना, ते बघायचं. कारण वॉचमन आत असलेल्याला हाकलत नाही, नव्याने येणाऱ्याला अडवतो. हे अण्णांनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं.

साहेब खूश झाले आणि मी घरी आले. ते इतके खूश झाले की पुढच्याच महिन्यात त्यांनी अण्णांनाही घरी बसवलं. "फट आहे ना, मग तळघरात माणूस कशाला?" मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मलाच परत बोलावलं असतं. अण्णांचं कामही माझ्याच गळ्यात आलं. भाजी घेताना फट, बागेत फट. लेक घसरगुंडीवरून "आई, बघ" म्हणायची आणि मी न बघता "वा" म्हणायचे. घरी आले होते खरी, पण तळघर पदरात बांधून.

त्या दुपारी लेक आंघोळ करत होती. तिला आत एकटीला भीती वाटते, म्हणून मी दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते आणि फोनवरून फायरवॉल बदलत होते. ती सारखी विचारायची, "आई, आहेस का?" मी म्हणायचे, "आहे." बदल झाला. फटीने विचारलं, आहेस का? त्याच क्षणी आतूनही तेच. तोंड "आहे" म्हणालं आणि अंगठ्यानेही तेच लिहिलं. मग टॉवेलची हाक आली. मी फट बंद केली, फोन फळीवर ठेवला आणि गेले.

तिचे केस पुसून फोन घेतला, तर फट उघडेना. पुन्हा केलं, तरी उघडेना. तेव्हा कळलं, दुसरी खिडकी उघडून न बघताच मी 'आहे' लिहिलं होतं. मीच वॉचमनला सांगून बसले होते, हिला आत सोडू नको. आतून कडी काढायला तळघरात आता कुणीही नव्हतं.

साहेबांचा फोन आला. वॉचमन गोदामातल्या कॉम्प्युटरांनाही आत घेईना, तिथली पार्सलं अडकली होती.

"अण्णांना बोलवा ना," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने बोलवू? तूच ये."

मिळेल ती बस पकडून गेले. एक ओळ चुकली होती, ती पुसली. पार्सलं हलली. साहेब जाकीट घालून खाली आले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"चूक कुणाकडूनही होते," ते म्हणाले. "पण आता पटलं ना, इथे माणूस लागतोच? आणि तुझ्याशिवाय आहे कोण?"

राजीनामा अगदी ओठांवर आला होता. पण नवऱ्याची नोकरी हंगामी आहे, हे मला माहीत होतं आणि साहेबांनाही. मी तो गिळला.

घरी फोन लावला. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि फोन लेकीकडे दिला. तिला सांगितलं, आता मला इथेच राहावं लागेल. मला वाटलं, रडेल. ती जरा विचारात पडली.

"मग तू फोनमधून घरी ये ना," ती म्हणाली. "इथून रोज तिकडे जायचीस, तशी."

मी "बरं" म्हटलं.