टर्बोला होकार

निजामुद्दीनच्या गॅरेजचा एक नियम होता, आणि तो शहरातल्या दुसऱ्या कुठल्याच गॅरेजात नव्हता. गाडीची ताकद वाढवून पाहिजे असेल, तर त्या गाडीची घरी वाट बघणारं जे माणूस असेल, त्याला आधी घेऊन यायचं. बायको असो, आई असो, म्हातारा बाप असो. त्या माणसाला तो स्वतःशेजारी बसवून चक्कर मारायचा, आणि ते माणूस हां म्हणालं तरच बॉनेट उघडायचा. पोरं वैतागायची. पण क्रांती चौकामागच्या त्या बोळात यायचीच, कारण हात त्याचाच चांगला होता.

अभयची घरी वाट बघणारं एकच माणूस होतं. त्याची आई, रत्नमाला.

ती पुंडलिकनगरात ब्लाउज शिवायची. गाडी तिच्या नवऱ्याची, बन्सीची. लाल, छोटी, चार माणसं बसली की पाचव्यानं बाहेरूनच टाटा करावा अशी. बन्सीनं ती कधी पन्नासाच्या वर नेली नाही. घाई त्यानं आयुष्यात एकदाच केली, ती जायची. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी अभयकडं होती आणि अभय चोवीस वर्षांचा होता. पन्नासाला तर त्याचा पाय नुसता टेकायचा.

"जयभीम ताई, या या," निजामुद्दीन हात पुसत पुढं आला. सीटवर त्यानं धुतलेला टॉवेल अंथरला होता. "तुमच्या साहेबजाद्याला टर्बो पाहिजे. मी म्हणतो, दुसरा बी एक रस्ता हाय. दोन्ही तुम्ही बघा."

"मला त्यातलं काय कळतंय भाई?"

"बसल्यावर कळतं ना. आता बघा, तुमच्या गाडीत चार सिलेंडर, पण हवा घेतात एकाच दारातनं. चौघांना चार दारं दिली, की झालं. थ्रॉटल बॉडी म्हणतात त्याला. मोटरसायकलीच्या आणून बसवतो मी. आणि टर्बो म्हणजे, इंजिनातनं जो धूर वाया जातो ना, त्याच्यावर पंखा फिरवायचा. तो पंखा आत हवा कोंबतो. ठूस ठूस के."

"पोतं भरल्यासारखी?"

"बिलकुल. समजलं की तुम्हाला!"

अभय मागं बसला. पहिली चक्कर हवेला चार दारं बसवलेल्या दुसऱ्या एका गाडीतून झाली. निजामुद्दीननं पाय ठेवला नाही, तोच ती गाडी अशी केकाटली, की रत्नमालानं डॅशबोर्ड धरला. बायपासपर्यंत ती गाडी एक क्षण गप्प बसली नाही. पाय जेवढा, तेवढा आवाज. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून बघितलं, तेव्हा रत्नमालानं पदर तोंडाला लावला.

दुसरी गाडी पांढरी होती, टर्बोची. ही चालू झालेली तिला कळलंसुद्धा नाही. निजामुद्दीननं ती त्याच रस्त्यानं नेली, गियर हळूच टाकत, खड्डा आला की आधी "सांभाळा ताई" म्हणत. लग्नातल्या नवरीची गाडी चालवावी तशी. दूध ठेवलं असतं तरी हिंदकळलं नसतं. मधेच मागं अभयनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आरशात ते तिला दिसलं. मग त्यानं ते मिटलं, हेही दिसलं.

"ही बरी," ती उतरताना म्हणाली. "गुणाची हाय."

निजामुद्दीननं बॉनेटला हात लावला नाही. "पक्कं ना ताई? पुन्हा एकदा विचार..."

"त्या दुसरीनं गल्लीतली सगळी लेकरं उठतील भाई. शेजारची चंपाबाई तर माझ्या दारातच येऊन बसंल. हीच करा. हां."

घरी जाताना अभयनं तिला रसवंतीवर नेलं, मोठा ग्लास पाजला, तिची पिशवीही उचलली. एवढं लाडात यायचं त्याचं वय नव्हतं. तिला बरं वाटलं. आणि का कोण जाणे, रस पिता पिता थोडं गारही वाटलं.

पंधरा दिवसांनी गाडी आली. समोर हवेचा दाब दाखवणारा एक गोल काटा नवा बसला होता, हिरवा भाग, त्यापुढं लाल. रविवारी अभय म्हणाला, "चल आई, फर्दापूरला. सत्यभामामावशीला गाडी दाखवू." रत्नमालानं बहिणीसाठी शिवलेले दोन ब्लाउज घेतले आणि निघाली. सिल्लोडपर्यंत ती छान गप्पा मारत होती.

सिल्लोडच्या पुढं एक ट्रक आडवा आला. आडवा म्हणजे आपल्या चालीनं चालला होता बिचारा. समोरून, लांब, एसटी येत होती. अभयनं गाडी ट्रकच्या बाजूला काढली आणि पाय दाबला.

काहीच झालं नाही. ट्रकचं मागचं चाक तिच्या खिडकीशी आलं आणि तिथंच राहिलं. एसटी मोठी झाली. "मागं घे," ती म्हणाली. तरी काहीच नाही. आणि मग कुणीतरी पाठीत लाथ घालावी तशी गाडी सुटली. तिचं डोकं सीटवर आपटलं, ब्लाउजची पिशवी पायात पडली, काटा सरळ लाल भागात जाऊन थरथरू लागला, आणि एसटीचा हॉर्न खिडकीतून आत शिरून मागं निघून गेला.

तिनं वाकून पिशवी उचलली.

"त्या दिवशी असं नव्हतं झालं," ती म्हणाली.

"चाचानं दाबलीच कुठं होती? बाईमाणूस शेजारी बसलं की ते असंच चालवतात. अदब." तो हसला. "ही खालून गप्प असते आई. इंजिन जोरात फिरलं की मग ताकद येते."

"तुला ठावं होतं?"

अभयनं रस्त्याकडं बघितलं. "हां तू म्हणालीस."

फर्दापुरात सत्यभामानं चहा टाकला. रत्नमाला मागच्या ओट्यावर गेली आणि तिनं निजामुद्दीनला फोन लावला. तिनं सांगितलं, आणि पलीकडं हातोड्याचा आवाज थांबला.

"या अल्ला. गलती माझी हाय ताई. तुम्ही बसलेल्या, मी कसा दाबणार? पोरांना बसवलं की दाखवतो, तुम्हाला... ताई, तो गोल काटा कुठपर्यंत गेला?"

"लाल."

"लाल? मी हवेचा दाब हिरव्यातच बांधला होता. चावी लावून बंद केला होता. त्यानं खोलला मग. ऐका माझं. त्या इंजिनाला एवढी हवा सोसायची नाय. आज नाय तर उद्या, बरोबर दाबलेलं असताना फुटंल. ओव्हरटेकमधी. आज त्याला दाबू देऊ नका. उद्या इकडं आणा, मी सगळं काढून टाकतो. तुम्ही नाय म्हणलात की माझ्यासाठी नाय."

ती पुढं आली तर अंगणाबाहेर रस्त्यावर तीन गाड्या उभ्या होत्या. छोट्याच, तशाच, एकीचं बॉनेट उघडं. पोरं होती, गॉगल होते. अभय त्यांच्यात उभा राहून मोठ्यानं हसत होता. गाडी मावशीला दाखवायला आली नव्हती, हे तिला तिथं, चपला घालता घालता कळलं.

तो तिच्याकडं आला. "आई, तू राह्य आज मावशीकडं. नायतर चारची बस हाय. मी या पोरांसंगं येतो."

"कसं येतोस?"

"येतो की."

"निजामभाईंशी बोलले मी. तो काटा तू खोललास. इंजिन फुटंल म्हणतात. उद्या काढायचं सगळं."

त्याचा चेहरा पडला नाही. हेच तिला आधी खटकलं. "चाचा म्हातारे झाले. काढू दे त्यांना. दुसरीकडं बसवीन," तो हळू, अगदी समजूत घातल्यासारखा म्हणाला. "तिथं आई आणा म्हणत नाय कुणी."

रत्नमालाला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. ती सरळ गाडीकडं गेली, पुढं बसली, पट्टा लावला आणि पिशवी मांडीवर घेतली. आत बहिणीनं चहा गाळलेला, तो तसाच राहिला.

"आई, उतर."

"नाय."

"सगळे बघायलेत."

"बघू दे. मी बी बघतेय."

पोरांतला एक वाकला. इंद्रजीत त्याचं नाव, केसांना लई तेल. "काय काकू, घाटात रेस लावता का आमच्यासंगं?"

"लावते की. तुझ्या आईलाबी बसव तुझ्या शेजारी. मग लावू."

बाकीचे हसले. इंद्रजीत हसला नाही. तो आपल्या गाडीकडं गेला, आणि एकामागं एक तिन्ही गाड्या निघाल्या, धूळ उडवत, अजिंठ्याच्या घाटाकडं. अभय स्टिअरिंग धरून बसला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती. बन्सीची बोटं अशीच लांब होती.

"असं रोज बसणारेस का माझ्या शेजारी?" शेवटी त्यानं विचारलं.

"रोज कसं जमंल? शिलाई कोण करंल?"

"मग काय उपयोग?"

"आज जमलं."

त्यानं गाडी चालू केली. घाट चढला, गियर हळूच टाकत. वर आल्यावर कापसाची एक ट्रॉली पुढं लागली, लादलेली, डुलत चाललेली, ताशी वीसानं. रस्ता मोकळा होता, पार क्षितिजापर्यंत रिकामा. अभय तिच्या मागं राहिला. गोळेगाव गेलं. ट्रॉलीवाल्यानं स्वतः हात बाहेर काढून पुढं जा म्हणून खुणावलं. अभय राहिला. काटा हिरव्यातसुद्धा आला नाही.

"जा की आता," रत्नमाला म्हणाली. "मोकळाय रस्ता."

"नको आई," तो म्हणाला. "घाई काय आपल्याला?"

त्यानं तिच्याकडं बघून हसूनही दाखवलं. लहानपणी ताप लपवून शाळेच्या सहलीला जायचा, तेव्हा असाच गोड वागायचा. तिनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. एसटीच्या वेळी वाटली नव्हती, एवढी भीती तिला आता वाटत होती.