बर्फाखालची साल

आमच्याकडे मूल झालं की अंगणात झाड लावतात. योहान्का झाली तेव्हा सफरचंद लावलं. पोरगी आता चार वर्षांची, आणि झाड मनगटाएवढं जाड.

यंदा थंडी कडक पडणार म्हणून लुमीरदादाने, म्हणजे तिच्या बापाने, बुंध्याला जमिनीपासून पेंढा गुंडाळला. शेजारच्या क्वेताकाकू कुंपणावरून म्हणाल्या, पेंढा काढ, आणि बर्फ पडला की बुंध्याभोवती बुटांनी घट्ट तुडव, म्हणजे उंदरांना खालून वाट राहत नाही. दादाला वाटलं तुडवलं तर मुळांना लागेल. नाही तुडवलं.

मार्चमध्ये बर्फ वितळला. पेंढा सोडला तर आत घरटंच. आखूड शेपटीचे गोलमटोल रानउंदीर. हिवाळाभर उबेला बसून त्यांनी साल खाल्ली होती. वीतभर बुंधा चहूबाजूंनी उघडा, पांढरा.

दादा तिथेच बसला. पोरीचं झाड वाळणं आमच्या गावात अशुभ मानतात. ब्लांकावहिनी मानत नाही, तिची आई मानते. वहिनीला काय सांगायचं, एवढंच त्याचं चाललेलं. मी म्हटलं, रोपवाटिकेतून एवढंच दुसरं आणू, गुपचूप लावू. त्याने बुंध्याचं मापही घेतलं.

काकूंनी ऐकलं. "लाव की. उंदरांना ताजा खुराक. आधी त्यांचं बघ, गाढवा."

संध्याकाळी आम्ही सगळी बिळं टाचेने बुजवली. सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसली, तिथे वस्ती. त्यांच्या तोंडाशी सापळे लावले, गाजराचा तुकडा अडकवून, आणि मांजर अडकू नये म्हणून वर पालथी खोकी. दादा मेलेले उंदीर बघायचा नाही, मीच काढायचो. शेवटी एका सकाळी एकही बीळ उकरलेलं नव्हतं.

काकूंनी मार्चमध्येच त्याच झाडाच्या काड्या छाटून तळघरात ओल्या वाळूत ठेवल्या होत्या. एप्रिलमध्ये रस चढून साल लाकडापासून सहज सुटायला लागली तेव्हा त्यांनी प्रत्येक काडीचं एक टोक जखमेखालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत खोचलं. बारीक खिळे, मेण, वरून फडकं. रस वर चढायला वाट.

तेवढ्यात वहिनी धुणं वाळत घालायला आली. दादाने सगळं सांगून टाकलं, दुसरं झाड आणायचा बेतसुद्धा.

वहिनीने फडक्याला हात लावून बघितला.

"योहान्का झाली तेव्हा मलाही पोट फाडून टाके घातले होते. माझ्या जागी दुसरी आणलीस का?"

वहिनीने धुण्याची बादली उचलली.

"आईला मी सांगते. तू फक्त मध्ये बोलू नकोस."

मेमध्ये पालवी आली, पण काड्या जगल्या त्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूच्या वाळक्या फांद्या काकूंनी कापून टाकल्या. झाड वाकडं दिसतं. वहिनीची आई आली, झाडाभोवती फिरली, म्हणाली फारच छाटलंय. वहिनी म्हणाली, हो.

दादा मध्ये बोलला नाही.