शून्यावरची पायरी

तिने फोन पालथा घातला आणि लगेच पुन्हा सुलटा केला. नवऱ्याचा निरोप नव्हता. म्हणजे एकतर सगळं ठीक होतं, नाहीतर निरोप पाठवायलाही त्याचा हात मोकळा नव्हता.

"ताई, लेक बाबाबरोबर बाहेर जिन्यातच आहे. परदेशी नाही गेलेली," बुलेट म्हणाला. त्याची बोटं कीबोर्डवर अशी सुटत, की त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेतच नसे.

"तू तुझं बघ. आलं का काही?"

"आलं ना. कचरा."

हॅकिंग स्पर्धेतलं हे पहिलंच कोडं, हात साफ करायला दिलेलं. एक मजकूर रकान्यांमध्ये ओळीओळीने लिहायचा आणि मग रकाने मागेपुढे करून उभे वाचायचे. अक्षरं तीच, फक्त जागा हललेल्या. पडद्यावर अशी तीस अक्षरं होती आणि खाली रकान्यांचा क्रमही दिलेला होता: ३ १ ५ २ ४. शेजारच्या टेबलांवरच्या टोळ्या केव्हाच पुढे सरकल्या होत्या. तिथून अधूनमधून हशा ऐकू येई आणि तो आपल्यालाच असणार असं तिला वाटून जाई.

समोर हाताची घडी घालून कप्तान बसला होता. तिचा जुना साहेब. सकाळी दारातच त्याने सांगून टाकलं होतं, "दोन वर्षं घरी होतीस. आज हात चालतो का बघू. चालला तर पहिल्या तारखेपासून ये परत. नाही चालला तर राग मानू नकोस." नाही मानणार, असं ती म्हणाली होती, आणि मनातल्या मनात थोडा मानूनही टाकला होता.

"आत दुसरं कुलूप असणार," कप्तान आता म्हणाला. "अक्षरंही बदललेली दिसतात."

"नाही बदललेली." आपला आवाज एवढा ठाम निघेल असं तिलाही वाटलं नव्हतं. "एरवी जी सारखी सारखी येतात तीच अक्षरं इथेही जास्त आहेत. नुसतं विस्कटलंय. आणि विस्कटलेलं आवरण्यात माझी दोन वर्षं गेलीत, साहेब."

बुलेट फिस्सकन हसला. कप्तान हसला नाही, पण त्याची घडी सुटली.

कुणीतरी चहा घेऊन आत आलं आणि दार उघडं राहिलं. जिन्यातून ओळखीचा आवाज आला.

"एत... दोन... तीन..."

तिची मान आपोआप वळली. ठकूच होती ती. घरी जिना चढताना रोज दोघी अशाच मोजायच्या. पाऊल पायरीवर टेकल्याशिवाय ठकू 'एक' म्हणायची नाही, आणि आईने आधी म्हटलं तर तिला खाली नेऊन पुन्हा चढायला लावायची.

ती वळलेली मान तशीच ठेवून म्हणाली, "बुलेट, रकाने किती धरलेस?"

"सहा."

"क्रमात आकडे पाचच आहेत."

"शून्य ते पाच, ताई. शून्याचा रकाना जागचा हलत नाही, म्हणून लिहिला नसेल. मोजायला सुरुवात शून्यापासूनच करतात ना?"

कप्तानाने मान डोलावली. मघाशी सहा रकाने दिसले तेव्हा तिनेही डोलावली होती. प्रोग्राम लिहून लिहून तिघांच्याही बोटांना तेच वळण पडलं होतं. त्यात तीसला सहाने भाग बरोबर जात होता, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नव्हतं.

"आपण करतो," ती म्हणाली. "बाकीचं जग एकपासून करतं."

तिने चहाच्या कपाखालचा कोरा कागद ओढला. सहा-सहा अक्षरांचे पाच तुकडे केले. पहिला तुकडा तिसऱ्या रकान्यात उभा लिहिला, दुसरा पहिल्यात, मग पाचव्यात, दुसऱ्यात, चौथ्यात. हात कुठेही अडखळला नाही. शेवटचा रकाना भरला आणि ओळी आडव्या बोलू लागल्या. दा, र, उ, घ, डं. खालची ओळ: आ, हे, आ, त, या.

"दार उघडं आहे, आत या," बुलेटने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, मला कुणीतरी पुन्हा शाळेत घाला!"

"प्रोग्राममधून तपासून घ्यायचं?" कप्तानाने विचारलं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात होते.

"नको. टाका."

उरलेल्या ओळींसकट उत्तर गेलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

कप्तानाने कागद उचलला, बराच वेळ पाहिला आणि घडी करून खिशात घातला. "पहिली तारीख," तो म्हणाला. "आणि आता पाच मिनिटं बाहेर जाऊन ये. तुझं अर्धं लक्ष तिकडेच आहे."

"अर्ध्यात झालं ना?" ती उठत म्हणाली.

जिन्याच्या वरच्या टोकाला नवरा भिंतीला टेकून बसला होता. त्याचा शर्ट घामाने भिजला होता.

"रडली?"

"कोण, मी? फार. तिने एकदाच विचारलं, आई कुठे. म्हटलं, कामावर. त्यानंतर मला नुसतं वर-खाली, वर-खाली."

ती हसली, आणि मग तो शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिला. एकदाच.

ठकूने तिचं बोट पकडून तिला जिन्याच्या कडेशी ओढलं. एक पाय उचलला आणि खालच्या पायरीच्या वर अधांतरी धरून आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई चुकते का, ते बघत.

"शून्य," आई म्हणाली.

ठकूने पाय मागे घेतला. आपण उभ्या आहोत ती फरशी तिने नीट पाहिली.

"शून्न," ती म्हणाली. मग आईचं बोट सोडलं आणि कठडा धरून एकटीच पहिली पायरी उतरली.